आधी कार्ड, मग पाटी

१८ जून १९९५, आदिलाबाद

माझी धाकटी बहीण रुखमी आज सासरहून, बेल्याहून आली आणि चप्पल काढायच्या आत सांगून मोकळी झाली की दिवस गेलेत. चौथा महिना. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी भीती वाटली, आणि ती माझ्या तोंडावर दिसली असणार.

"अक्का, तू अशी काऊन पाहून राह्यली? या खेपेले काई मी मरत नाई."

दोन वर्षांपूर्वी ती मेल्यातच जमा होती. बाळंतपणात रक्त थांबेना. मूल गेलंच. तिचं रक्त बी निगेटिव्ह. असं रक्त या जिल्ह्यात कोणाच्या अंगात आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. उद्धवराव, म्हणजे तिचे यजमान, मोटारसायकलवर अर्धा जिल्हा हिंडले आणि शेवटी माणूस सापडला तो त्यांच्याच गावातला, डोमाजी. तो बाकावर आडवा झाला, एक बाटली देऊन उठला आणि चहा पिऊन शेतात गेला. तेव्हापासून रुखमी त्याला राखी बांधते.

ट्रस्टच्या दवाखान्याचे डॉक्टर व्यंकटराव रक्त देणाऱ्यांची नोंद कॉम्प्युटरवर ठेवतात. ते काम पाहाल का, असं त्यांनी मला मागच्या वर्षी विचारलं होतं. मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा माझ्याकडे येणं साहजिकच होतं. मी वेळ नाही म्हणून सांगितलं. आता वेळ आहे. यात परोपकार वगैरे काही नाही. नोव्हेंबरात बहिणीला रक्त लागलं तर ते कोणाकडे आहे हे मला एका मिनिटात कळायला हवं, एवढाच स्वार्थ.

२४ जून

डॉक्टर व्यंकटराव जुन्या वळणाचे आहेत. आधी चहा, मग काम. त्यांनी दवाखान्याची रीत समजावून सांगितली. रक्ताची तपासणी इथे होत नाही. नमुने हैदराबादला जातात आणि अहवाल यायला पंधरवडा लागतो. तेवढा वेळ रक्त वाहणाऱ्या बाईला नसतो. म्हणून माणसं आधीच तपासून ठेवायची. ज्याचं ठीक त्याच्यापुढे 'चालेल'. ज्याच्या रक्तात तो नवा आजार, एड्स, निघाला, त्याच्यापुढे लाल खूण. लाल माणसाला कधीही बोलवायचं नाही.

मग त्यांनी फकिराचं सांगितलं, तोही लाल. मागच्या वर्षी कॉम्प्युटर बिघडला म्हणून दुकानात दुरुस्तीला दिला. दुकानातल्या कोणीतरी आतलं वाचलं. आठवड्यात फकिराच्या गावात बातमी. त्याला विहिरीवर पाणी भरू देईनात, किराणावाला हातात सामान देईना. बायकोपोरं घेऊन तो बेज्जूरच्या जंगलाकडे निघून गेला. पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही.

"मॅडम, मला एवढीच तसल्ली पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "की उद्या ही मशीन कोणी उचलून नेली तरी त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येऊ नये."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. दवाखान्याने त्या प्रकरणानंतर कागद ठेवणंच बंद केलंय. लॅब सांभाळणाऱ्या मालनबाई अहवाल मशीनमध्ये टाकतात आणि पडद्यावर 'जतन झाले' दिसलं की कागद शेगडीत घालतात. मला ही पद्धत आवडली. स्वच्छ आहे.

९ जुलै

सगळी डिस्क कुलुपात घालणारा प्रोग्रॅम झाला. डिस्कवर लहान लहान खण असतात, हजारो. खणात काहीही जायच्या आधी माझा प्रोग्रॅम त्याचा पार भुगा करतो आणि बाहेर येताना किल्ली असेल तरच पुन्हा जुळवतो. प्रत्येक लिखाणाला मी एक चढता क्रमांक देते, त्या क्रमांकावरून त्या खणाचं कुलूप ठरतं, आणि कुठल्या खणाला कितवा क्रमांक गेला याची यादी वेगळी ठेवते. त्यामुळे दोन माणसांची कार्डं तंतोतंत सारखी असली तरी डिस्कवर ती सारखी दिसत नाहीत. चोर बसेल डोकं खाजवत.

आणखी एक शक्कल. नाव आणि तब्येत मी एकत्र ठेवलीच नाहीत. डिस्कच्या सुरुवातीला नावांच्या पाट्या: अमुक माणूस, अमुक रक्तगट, अमक्या खणात पाहा. कार्डं पार मागे, त्यांच्यावर नाव नाही, फक्त वजन, तपासणीची तारीख, 'चालेल' किंवा लाल. नमुन्यांवरही नुसते नंबर असतात. मालनबाईंनी नंबर आणि अहवाल टाकला की मशीन आपणच माणूस शोधतं, आधी मोकळ्या खणात कार्ड लिहितं आणि मग पाटी लावतं. आधी माल ठेवायचा, मग दुकानावर पाटी. कोण लाल आहे हे मालनबाईंनाही कळत नाही. ते फक्त डॉक्टर पाहू शकतात.

रात्री जेवताना हे सगळं मी ह्यांना सांगितलं. हे पोस्टात आहेत, सुधाकरराव सब-पोस्टमास्तर, आणि जगातल्या कुठल्याही शोधाची तुलना टपालाशी केल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. म्हणाले, "म्हणजे लिफाफा बंद. बरं झालं. आमच्याकडं तर पोस्टकार्डं सारा गाव वाचते."

३० जुलै

तक्रार. मशीन हळू झालं म्हणे. कुलूप लावायला वेळ लागणारच, पण मालनबाईंचंही खरं आहे. दवाखान्यात एकच लहान जनरेटर. करंट गेला की त्याच्यावर रक्ताचा फ्रीज तरी चालतो नाही तर कॉम्प्युटर तरी. दोन्ही लावले की जनरेटर बसतो. म्हणून तिथे एक शिरस्ता पडलाय: फ्रीज कण्हायला लागला की कॉम्प्युटर बंद. दोन मिनिटंसुद्धा कोणी थांबत नाही.

"मॅडम, रगत नासलं तं मंग तुमची मशीन घेऊन का करू मी?" मालनबाई म्हणाल्या. बाई कामाला चोख आणि जिभेला तिखट आहेत.

मी मशीनमध्ये कॅश, म्हणजे मधला तात्पुरता साठा, बसवला. तो लिखाण आपल्या पोटात ठेवून घेतो आणि लगेच 'झालं' म्हणून सांगतो, मग सवडीने डिस्कवर नेऊन टाकतो. आता 'जतन झाले' टाळी वाजवायच्या आत येतं. मालनबाई खूश. पहिल्यांदाच त्यांनी मला चहा विचारला.

१९ ऑगस्ट

वाईट दिवस. मशीन सुरू केलं तर कार्डांच्या जागी कचरा, नुसती चित्रविचित्र चिन्हं. सगळी नाहीत, पण पुष्कळ. काल संध्याकाळी करंट गेला, मालनबाईंनी शिरस्त्याप्रमाणे बटण दाबलं, आणि आज हे. कागद जळालेले. त्या सगळ्या लोकांना पुन्हा बोलवून पुन्हा नमुने घ्यावे लागणार.

डॉक्टरांनी नव्या नमुन्यांसाठी बाटल्या मोजायला घेतल्या. ते फार लागलं. मालनबाई म्हणाल्या, "पुराणी मशीन हळू व्हती, पन अशी पागल तं नव्हती." मला रडू आलं. घरी येऊन रडले.

२२ ऑगस्ट

सापडलं. कॅश हुकमाच्या क्रमाने लिहितच नाही. पोटातलं सगळं तो जागेप्रमाणे लावतो आणि डिस्कच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका फेरीत टाकत जातो, कारण डिस्कचा हात पुढेमागे नाचवायला वेळ जातो. आधी सांगितलेलं नंतर पडतं, नंतरचं आधी. मध्येच बटण बंद झालं की काही पडलेलं, काही नाही. क्रमांकांची यादी सुरुवातीला असल्याने ती नवी झाली, मागची कार्डं जुनीच राहिली. कुलूप एका क्रमांकाचं, किल्ली दुसऱ्याची. मग कचरा नाही तर काय निघणार.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पोस्टमन तेच करतो. पत्रं आली त्या क्रमाने नाही, गल्लीच्या क्रमाने लावतो.

दोन उपाय होते. एक, मालनबाईंना सांगायचं की 'जतन झाले' आल्यावरही डिस्कचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. पण माणसाच्या सवयीवर यंत्र उभं करू नये, असं मी मुलांना शिकवते. दुसरा उपाय माझ्या डोक्यात आला तो फारच देखणा आहे. कुलूप क्रमांकावरून ठरवायचंच नाही. खणाच्या जागेवरून ठरवायचं. एकोणचाळिसाव्या खणाचं कुलूप एकोणचाळीस या आकड्यातून, चाळिसाव्याचं चाळीसमधून. मग कोण आधी पडलं, कोण नंतर, कोण पडलंच नाही, काही फरक पडत नाही. प्रत्येक खण आपापल्या किल्लीने उघडतो, शेजाऱ्याशी त्याचं देणंघेणं नाही. कॅशला काय उलटसुलट करायचं ते करू दे.

३ सप्टेंबर

तपासणी झाली. दिवसभर मी खोटी नावं टाकत होते आणि मध्येच वायर ओढत होते. मालनबाईंना ते पाहून गुदगुल्या झाल्या. "आमाले थांबा म्हनते अन् सोता वायर उपटून राह्यली." मशीन पुन्हा सुरू केलं की प्रत्येक वेळी सगळे खण उघडले. कचऱ्याचं एक अक्षर नाही. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास."

घरी ह्यांनी खोडा घातलाच. म्हणाले, "उघडलं ते ठीक. पण उघडलं ते त्याचंच होतं का?"

मी म्हटलं, कुलूप त्याच्या किल्लीने उघडलं म्हणजे त्याचंच.

मग त्यांनी बाबूपेठेतल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. मुलगा मुंबईला. आधी त्याचं पत्र, 'आजारी आहे', आणि मागून तार, 'बरा आहे'. पाऊस होता, टपाल तुंबलेलं. तार आधी मिळाली आणि पत्र नंतर. म्हातारी पत्र वाचून मुंबईला निघाली आणि वाटेतच गेली. "दोन्ही लिफाफे बंद होते, दोन्हीवर मोहोर होती, दोन्ही नीट फोडले," हे म्हणाले. "आमच्या बाजूनं एक चूक नाही."

मी म्हटलं, तुमच्या पोस्टाच्या भानगडी माझ्या डिस्कवर लादू नका. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं पुटपुटत हे झोपायला गेले.

१७ सप्टेंबर

डोमाजी गाव सोडून चालला. मुलगा वणीला कोळशाच्या खाणीत लागलाय, त्याच्याकडे. दवाखान्यात निरोप घ्यायला आला होता. बहात्तर किलोचा गडी, पण रुखमीचं नाव निघालं तर डोळे भरून आले. "बाई, लागलो तं कळवा. रातोरात येतो." वणीहून रातोरात. गाडी कुठली, रस्ता कुठला.

त्याची पाटी मी काढली. मागचं कार्ड पुसायच्या भानगडीत पडले नाही. त्यावर नाव नाहीच, आणि पुढचा माणूस आला की त्याचं कार्ड त्याच खणात वरून लिहिलं जाईल.

आता यादीत बी निगेटिव्ह एकही नाही. रुखमीला सातवा चालू आहे. रात्री झोप येत नाही.

८ ऑक्टोबर

देव पावला. बी निगेटिव्ह सापडला. चंपत नाव, जिनिंग प्रेसमध्ये कामाला. हडकुळा, हसरा. काही वर्षांपूर्वी पट्ट्यात हात सापडला तेव्हा कुठल्याशा गावच्या दवाखान्यात त्यालाच दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. "कोनाचं व्हतं थे मले अजून मालूम नाई," तो म्हणाला. "म्हनून म्या म्हटलं, आपल्यानं बी द्यावं कोनाले तरी." मालनबाईंनी नमुना घेतला, तो हैदराबादला गेला. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी ती खाल्ली.

२८ ऑक्टोबर

डॉक्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला गेलेत. महिनाभर येणार नाहीत. बाळंतपणं त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरीणबाई पाहतील.

अहवाल आज आले, दिवाळीमुळे उशिराच. मी दाराशी, पडद्याकडे पाठ करून बसले होते, कारण अहवाल टाकताना मालनबाईंशिवाय कोणी पडदा पाहायचा नाही हा नियम माझाच. शेवटचा अहवाल टाकत होत्या तेवढ्यात वॉचमन बाहेरून ओरडला, "करंट पोयिंदी," म्हणजे करंट गेला. जनरेटर लागला. पाठोपाठ फ्रीजने कण्हायला सुरुवात केली. मालनबाईंनी 'जतन झाले' मोठ्याने वाचलं, बटण दाबलं आणि कागद शेगडीत टाकले. सगळं एका दमात. एखादी बाई दूध उतू जायच्या आत भांडं उतरवते तसं.

हात धुताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सारे चांगले निंगाले मॅडम. येक लाल हाये. शेवटचा. कोन असन बिचारा, मले का माईत. नंबरच दिसते."

मलाही वाईट वाटलं. पण ते डॉक्टर आल्यावर पाहतील, त्या माणसाला एकटं बसवून सांगतील. फकिरासारखं याचं होणार नाही. त्यासाठीच तर हे सगळं उभं केलं.

५ नोव्हेंबर

रुखमी बाळंतपणाला माझ्याकडे आली. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. ती आल्या आल्या मी दवाखान्यात जाऊन मशीनला बी निगेटिव्ह विचारलं. एका मिनिटात उत्तर: चंपत, चालेल.

जीव भांड्यात पडला. खुर्चीतच डोळे मिटून बसले थोडा वेळ.

चंपतच्या कार्डावर वजन मात्र बहात्तर किलो. तो माणूस भिजलेल्या घोंगड्यासकट तोलला तरी पंचावन्न भरायचा नाही. तपासणीची तारीखही मागच्या वर्षीची. मी मालनबाईंची खूप थट्टा केली, तुमचा काटा कापसाच्या व्यापाऱ्याचा आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, "म्या तं अठ्ठेचाळीस टाकलं व्हतं बाप्पा." करंट गेल्याच्या घाईत बोट पडलं असेल कुठेतरी. तारीख आणि वजन नंतर दुरुस्त करता येईल. मुख्य शब्द 'चालेल', तो तिथे आहे.

२४ नोव्हेंबर

काल. नीट लिहिता येतं का पाहते.

दुपारी मुलगी झाली, खणखणीत रडली. आम्ही सगळ्या हसलो. आणि मग रुखमीचा चेहरा पांढरा होत गेला. दोन वर्षांपूर्वीचं तेच. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी धावले. मशीन सुरू केलं, चंपतचं नाव आणि पत्ता मी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवला. उद्धवराव जिनिंगवर गेले. चंपत कामावरून तसाच उठून आला, अंगभर कापूस चिकटलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तपासलेला आहे ना? मी म्हटलं, हो.

गट जुळतो का ते पाहिलं, जुळला. रक्त चढलं. संध्याकाळी रुखमीने डोळे उघडले आणि म्हणाली, "पोट्टी हाये ना जिती?"

चंपत जाताना दारात माझ्या पाया पडायला लागला. का, ते कळलं नाही. मी त्याच्या पडायला हवं होतं. म्हणाला, "बाई, आज माह्या जलमाचं काई झालं."

२६ नोव्हेंबर

रुखमीला कालच घरी आणलं. ताप होता, अंगात त्राण नाही, म्हणून पोरगी अजून वाटी-चमच्याने डब्याचं दूध पिते. तिच्या सासूबाई जयवंताबाई बेल्याहून आल्यात. उद्या पाचवी. पाचवी पुजून मग बाळ आईच्या अंगावर घ्यायचं असं त्यांनी ठरवलंय, आणि रुखमी त्या क्षणासाठी अधीर झाली आहे. पदर भिजतोय तिचा. सारखी विचारते, अक्का, उद्याच ना?

चंपत सीताफळं घेऊन आला होता, टोपलीभर. आणखी वाळल्यासारखा वाटला. जयवंताबाईंनी जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन उठला. "भूक लागत नाई आताशा. मधात मधात ताप येते." मी म्हटलं रक्त दिलंस, अशक्तपणा असेल, दूध पीत जा. तो हसला. रुखमीने सांगितलं, येत्या राखीला तुला बांधीन.

२७ नोव्हेंबर, दुपार

सकाळी डॉक्टर व्यंकटरावांनी बोलावणं पाठवलं. काल रात्री परतले आहेत. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने पडद्याजवळ वाकून बसलेले. म्हणाले, "मॅडम, मालनबाई म्हणतात दिवाळीच्या खेपेत एक लाल होता. मला तर जुनेच दिसतात. नवीन नाही."

मी म्हटलं मालनबाईंचं चुकलं असेल. मालनबाई दारात उभ्या होत्या. "चुकलं नाई मॅडम. लाल टाकताना देवाचं नाव घेते म्या. थे मले याद राह्यते."

डॉक्टर म्हणाले, मग गेला कुठे?

मी खुर्चीत बसले आणि त्या दिवशीच्या पाट्या एकेक उघडत गेले. सगळ्या उघडल्या. शेवटची चंपतची. बहात्तर किलो. तारीख मागच्या वर्षीची. आणि मला डोमाजी दिसला, त्याच बाकावर बसलेला, वणीला जायच्या दिवशी. ते कार्ड डोमाजीचं होतं. कधीही हललं नव्हतं.

तरी मी खात्री करून घेतली. दुसऱ्या एका मोकळ्या खणावर खोट्या माणसाला लाल म्हणून टाकलं, 'जतन झाले' आलं, आणि मी बटण दाबलं. पुन्हा सुरू केलं. नवी पाटी तिथे होती. तिच्यामागे जुन्या माणसाचं कार्ड उघडलं, चालेल, अक्षर न् अक्षर स्वच्छ. मी हुकूम दिला होता आधी कार्ड, मग पाटी. कॅशने जागेप्रमाणे सुरुवातीची पाटी आधी टाकली आणि मागचं कार्ड पोटात असतानाच करंट तुटला. प्रत्येक खण आपल्या किल्लीने उघडतो. आत कालचं आहे की आजचं, हे किल्लीला कळत नाही. ऑगस्टात कचरा आला तेव्हा निदान दिसलं तरी होतं की काहीतरी मोडलंय. ते दिसणं मीच बंद केलं, आणि शाब्बास म्हणवून घेतलं.

मालनबाई खाली बसल्या. "म्या बटन दाबलं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, नाही मालनबाई, तुम्ही तेच केलं जे रोज करता. ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी चंपतला बोलावणं पाठवलंय. नवा नमुना घेतील, अहवाल पंधरवड्याने. रुखमीचं तर तीन महिने काही कळणारच नाही म्हणाले, इतक्या लवकर ते रक्तात दिसत नाही. मग त्यांनी विचारलं, "पोरगी कधी झाली? रक्ताच्या आधी की नंतर?"

"आधी."

"अंगावर पाजली?"

"नाही. आज पाजणार आहेत. पाचवी पुजून."

त्यांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "मग पोरगी अजून बाहेर आहे यातून. दूध देऊ नका. दुधातून जातं. मी येऊन सांगू का?" मी म्हटलं, नको, मी सांगेन. घरी कशी आले ते आठवत नाही.

तासाभरापासून मी इथे पोरीला मांडीवर घेऊन बसले आहे. झोपली आहे, मूठ माझ्या बोटाभोवती. हे पोस्टातून आले, माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते न विचारता पाणी आणून ठेवलं. त्यांनाही अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? आणि फकिराचं काय झालं ते मला माहीत असताना रुखमीला कुठल्या शब्दांत सांगू? बेल्यात कळलं तर तिलाही विहिरीवर येऊ देणार नाहीत. उद्धवराव चांगले आहेत. फकिराचे शेजारीही चांगलेच असतील.

तीन महिने गप्प बसावं, दूध आटलं म्हणून काहीतरी थाप मारावी, असंही मनात आलं. पण तिचा पदर भिजलेला सगळ्यांना दिसतो.

पलीकडे जयवंताबाईंनी पाटा मांडलाय, हळदीचा वास येतो. आता रुखमीची हाक आली. आवाजात जोर आलाय तिच्या.

"अक्का, सारं मांडून झालं. पोट्टीले आन ना इकडं. अन् लिवत काय बसली?"

लिहिणं राहू दे. आधी उठते.